विद्यार्थ्यांचे स्वतःचे उपकरण वर्गात आणताना : पुण्यातील शाळांसाठी पहिल्या वर्षाचे मार्गदर्शन

‘शाळेत मोबाइल आणण्यास सक्त मनाई आहे,’ ही सूचना पुण्यातील बहुतेक शाळांच्या दैनंदिनीत ठळक अक्षरांत छापलेली असते आणि त्याच शाळांचा गृहपाठ संध्याकाळी वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर येऊन पडतो. २०२० मध्ये ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ या उपक्रमाच्या काळात पालकांचा फोन मुलांच्या हाती गेला तो अभ्यासासाठीच. शाळा पुन्हा भरल्या, फोन घरी राहिले, पण अभ्यास आणि फोन यांची जुळलेली गाठ काही सुटली नाही. ठरलेल्या तासाला विद्यार्थ्याने स्वतःचा फोन, टॅब किंवा लॅपटॉप आणावा आणि तो शिक्षकांच्या देखरेखीखाली वापरावा, अशी व्यवस्था आता काही शाळा करू पाहत आहेत. ज्या शाळेने हे पूर्वी कधीच केलेले नाही, तेथील मुख्याध्यापकांना आणि वर्गशिक्षकांना पहिल्या वर्षी कोणत्या क्रमाने काय करावे लागेल, ते येथे मांडले आहे.

सुरुवात करण्याआधी एक गोष्ट मान्य केलेली बरी. या कल्पनेला विरोध करणारे पालक आणि शिक्षक मागासलेले नसतात. फ्रान्सने २०१८ मध्ये कायदा करून शाळांतील फोनच्या वापरावर बंदी घातली, आणि युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालानेही, शिकण्याला स्पष्ट आधार मिळत असेल तेवढ्याच ठिकाणी शाळेत तंत्रज्ञान वापरावे, अशी भूमिका घेतली आहे. म्हणून फोन आणू द्यायचा की नाही हा प्रश्न बाजूला ठेवून, कोणत्या तासाला, कोणत्या कामासाठी आणि किती मिनिटे, हे आधी ठरवावे. त्याचे उत्तर देता येत नसेल, तर दैनंदिनीतील मनाई तशीच राहू द्यावी.

पहिली पायरी : काम आधी, उपकरण नंतर

एप्रिल महिन्यात, म्हणजे वार्षिक परीक्षेनंतर आणि सुट्टी लागण्यापूर्वी, विषय शिक्षकांची एक बैठक घ्यावी आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारावा : आपल्या विषयात असा कोणता घटक आहे, की जो फळ्यावर नीट दाखवता येत नाही, पण उपकरणावर दाखवता येतो? ‘अध्यापन रंजक होईल’ हे उत्तर स्वीकारू नये.

दहावीच्या भूमितीत अंतर्लिखित कोनाचे प्रमेय आहे. फळ्यावर आपण एक वर्तुळ, एक कंस आणि एक कोन काढतो आणि मुले तो कोन त्या एकाच जागी पाहतात. जिओजेब्रा या मोफत ॲपमध्ये तेच वर्तुळ काढून परिघावरचा बिंदू बोटाने सरकवला, तर बिंदू फिरत राहतो, कोनाच्या भुजा झुकत राहतात आणि कोनाचे माप मात्र ५० अंशांवर थांबलेले असते. केंद्राशी होणारा कोन शेजारी १०० दाखवत असतो. बिंदू कंसाच्या पलीकडे गेला की माप एकदम १३० होते. मग ‘असे का?’ हा प्रश्न शिक्षकांना विचारावा लागत नाही, मुलेच विचारतात. असे काम उपकरणाला योग्य आहे. याउलट पाठ्यपुस्तकातील धडा पुस्तक बंद करून छोट्या पडद्यावर वाचायला लावण्यात डोळ्यांच्या त्रासाखेरीज काही हाती लागत नाही.

विज्ञानासाठी कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पातील संगणकीय प्रतिकृती (सिम्युलेशन) आहेत, त्यांतील अनेक मराठीतही उपलब्ध आहेत. मराठी आणि समाजशास्त्रांसाठी मराठी विश्वकोश महाजालावर विनामूल्य वाचता येतो. सेनापती बापट रस्त्यावरील बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात उतरवून घेता येतात, आणि पुस्तकांतील क्यूआर कोडमधून दीक्षा या सरकारी शैक्षणिक मंचावरील साहित्यही उघडते. आयुका या पुण्यातील खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत दीर्घकाळ काम केलेल्या अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंपासून करण्याच्या प्रयोगांच्या चित्रफिती आहेत. तेथे मुलाने चित्रफीत पाहून फोन खाली ठेवायचा असतो आणि हाताने वस्तू करायची असते. माझ्या मते फोनचा शाळेतील सर्वांत चांगला उपयोग तो हाच.

बैठकीच्या शेवटी पाच-सहा घटकांची यादी हाती आली तरी पहिल्या वर्षाला ती पुरेशी आहे. इयत्ता आठवीच्या खाली हा प्रयोग करू नये, आणि आठवी ते दहावीतीलही एकच वर्ग, शक्यतो नववीचा, निवडावा. दहावीच्या वर्षी पालकांच्या जिवाला आधीच घोर असतो.

दुसरी पायरी : घरोघरची खरी परिस्थिती जाणून घेणे

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि नेमकी हीच घाईत उरकली जाते. शाळा गूगल फॉर्म पाठवते आणि ९० टक्के पालकांकडे स्मार्टफोन असल्याचा निष्कर्ष काढून मोकळी होते. ज्याच्याकडे फोन नाही तो फॉर्म भरणार कसा, हे कोणी विचारत नाही. म्हणून चौकशी कागदी चिठ्ठीवर करावी, ती बंद पाकिटात मागवावी आणि फक्त वर्गशिक्षकांनीच उघडावी.

प्रश्नही नीट विचारावे लागतात. ‘घरात स्मार्टफोन आहे का?’ या प्रश्नाच्या उत्तरातून काहीच कळत नाही. घरातला एकमेव चांगला फोन वडिलांकडे असतो आणि त्यांचे कामच त्या फोनवर चालत असते, मग ते रिक्षा चालवत असोत, घरपोच सामान पोहोचवत असोत की बांधकामावर मुकादम असोत. धाकट्या भावाची शाळा दुपारची असेल तर सकाळी फोन कोणाकडे, हाही प्रश्न असतो. म्हणून विचारावे : शाळेच्या वेळेत आठवड्यातून एक दिवस कोणते उपकरण आपला पाल्य आणू शकेल? ते कोणाचे आहे? घरातील इतर कोणाची त्यामुळे अडचण होईल का? आणि शेवटी, मुद्दाम वेगळ्या ओळीत : ‘उपकरण पाठवणे शक्य नसल्यास येथे खूण करा. कारण लिहिण्याची आवश्यकता नाही.’

शिक्षण हक्क कायदा, २००९ अन्वये २५ टक्के राखीव जागांवर प्रवेश मिळालेली मुले खासगी विनाअनुदानित शाळांत त्याच बाकांवर बसतात. कोणाच्या दप्तरात काय आहे हे वर्गात दिसू लागले, की गणवेशाने झाकलेला फरक उघडा पडतो. त्यावर उपाय एकच आहे, तो म्हणजे उपक्रमांची आखणी चार विद्यार्थ्यांमागे एक उपकरण या हिशेबानेच करणे. चाळीस मुलांच्या वर्गात दहा उपकरणे पुरतात. एक जण उपकरण हाताळतो, एक जण नोंद करतो, एक जण मोजतो आणि एक जण आकृती काढतो, आणि पुढच्या तासाला कामे बदलतात. ज्या मुलीने फोन आणला नाही ती आज वहीत नोंद करत होती, इतकेच वर्गाला दिसते.

शिवाय शाळेने स्वतःची तीन-चार उपकरणे कपाटात ठेवावीत. पुण्यातील जुन्या शाळांचे माजी विद्यार्थी संघ उत्साही असतात आणि त्यांतील अनेकांच्या घरी वापरात नसलेले टॅब आणि लॅपटॉप पडून असतात. स्नेहसंमेलनात सत्कारासाठी शाल-श्रीफळ देताना त्यांच्याकडे हे मागायला हरकत नाही. मिळालेले उपकरण मूळ मालकाची माहिती पूर्ण पुसून, नव्याने सुरू करूनच घ्यावे. बॅटरी फुगलेली असेल, म्हणजे मागचे झाकण वर उचललेले किंवा पडदा कडेने सुटलेला दिसत असेल, तर ते वर्गात नेऊ नये. बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत बॅटरी बदलून मिळते, पण मुलांच्या हाती द्यायच्या वस्तूत स्वस्तातली बॅटरी घालू नये.

आणि पालकांना लेखी कळवावे की या उपक्रमासाठी कोणीही नवे उपकरण विकत घ्यायचे नाही. हे वाक्य परिपत्रकात सर्वांत वर हवे. ते खाली गेले की पुढच्या रविवारी काही घरांत हप्त्याने फोन घेतला जातो.

तिसरी पायरी : कोणते उपकरण चालेल

येथे फार खोलात जाण्याचे कारण नाही. फोटो, मोजमाप, छोटे वाचन आणि प्रतिकृती यांसाठी फोन पुरतो, तर सलग लेखन आणि तक्ते यांसाठी कळफलक असलेले यंत्र लागते आणि ते काम संगणक कक्षातच केलेले बरे. घरातील जुना, सिमकार्ड काढलेला पण सुस्थितीतला फोन सर्वांत उत्तम, कारण त्यावर कॉल येत नाहीत आणि तो हरवला तरी बँकेची ॲप त्यावर नसतात. ज्या फोनला सुरक्षा अद्यतने (अपडेट) मिळणे बंद झाले आहे, त्यावर कोणत्याही खात्याने लॉगिन करू नये. विना-इंटरनेट ॲप मात्र चालवावीत. दोन-तीन जीबी जागा मोकळी असावी. स्मार्टवॉच नको. इअरफोन प्रत्येकाने स्वतःचा आणि तारेचा आणावा. उपकरण घरून पूर्ण चार्ज करून आणायचे; वर्गात एक्स्टेंशन बोर्ड ओढून दहा चार्जर लावण्याचा प्रकार पहिल्या दिवसापासून बंद ठेवावा, कारण त्यात अडखळण्याचा आणि शॉर्टसर्किटचा धोका असतो.

चौथी पायरी : वाय-फाय आणि त्याच्याविना

शाळेच्या कार्यालयात लावलेला घरगुती पद्धतीचा राउटर चार संगणकांसाठी बसवलेला असतो. नववीच्या वर्गाने एकाच वेळी चित्रफीत उघडली तर काय होईल, हे कागदावर काढून पाहता येते. साधारण स्पष्ट चित्रफितीला सेकंदाला २ मेगाबिट लागतात असे धरले, तर ४० उपकरणांना ८० मेगाबिट लागतील, आणि तीही कार्यालयाचे काम पूर्ण थांबवून. दहा उपकरणे असतील तर हीच गरज २० वर येते. चार जणांत एक उपकरण ठेवण्याचा हा दुसरा फायदा.

वेग पुरेसा असला तरी लहरी भिंतीपलीकडे पोहोचल्या पाहिजेत. पेठांतील जुन्या शाळांच्या इमारतींना दगडी किंवा जाड विटांच्या भिंती आहेत. वाय-फायच्या ५ गिगाहर्ट्झच्या लहरीवर वेग अधिक मिळत असला तरी ती अशा भिंतीत लवकर क्षीण होते, आणि २.४ गिगाहर्ट्झची लहर पलीकडे जाते, पण शेजारच्या सोसायटीच्या, दुकानांच्या आणि क्लासच्या राउटरांची त्यावर गर्दी असते. म्हणून राउटर मुख्याध्यापकांच्या दालनात न ठेवता, ज्या वर्गात उपक्रम होणार त्याच वर्गात स्वतंत्र ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वाय-फाय पसरवणारे यंत्र, बसवावा. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ किंवा ११ यांपैकी जो चॅनल सर्वांत मोकळा दिसेल तो निवडावा, कारण हे तीन चॅनल एकमेकांवर चढत नाहीत.

विद्यार्थ्यांसाठीचे जाळे कार्यालयाच्या जाळ्यापासून वेगळे असलेच पाहिजे. कार्यालयातील संगणकावर सरल आणि यूडायस या सरकारी प्रणालींत भरायची शाळेची व विद्यार्थ्यांची माहिती, फीचे हिशेब आणि जन्मदाखल्यांच्या प्रती असतात. एकाच जाळ्यात चाळीस अनोळखी फोन सोडणे म्हणजे तिजोरीच्या खोलीत मधली सुट्टी भरवण्यासारखे आहे. बहुतेक राउटरमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ची सोय असते आणि सुरुवातीला ती पुरते. त्या जाळ्याच्या डीएनएसमध्ये, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधणाऱ्या सेवेच्या रकान्यात, क्लाउडफ्लेअर या कंपनीचा १.१.१.३ हा पत्ता टाकला, तर घातक आणि प्रौढांसाठीच्या संकेतस्थळांची वाट बऱ्याच अंशी बंद होते. बऱ्याच अंशी, पूर्णपणे नव्हे, आणि मुलाने मोबाइल डेटा सुरू केला की हे कुंपण मुळीच लागू होत नाही. त्यामुळे वर्गात शिरताना आधी विमान मोड आणि मग वाय-फाय, अशी सवय सुरुवातीपासून लावावी.

हे सगळे सांगून झाल्यावर माझा आग्रह असा, की पहिले तीन महिने इंटरनेट लागणारच नाही असे उपक्रम निवडावेत. जिओजेब्रा एकदा उतरवले की विना-इंटरनेट चालते. किविक्स या ॲपमध्ये विकिपीडिया भरून ठेवता येतो. बालभारतीची पीडीएफ पुस्तके घरूनच उतरवून आणता येतात. गुरुवारी महावितरणच्या देखभालीसाठी वीज जाण्याचा पुणेकरांना जुना अनुभव आहे. त्या दिवशीही असा तास अडत नाही. ज्या तासाला वाय-फाय लागणारच आहे, तो शक्यतो गुरुवारी ठेवू नये, आणि त्या पाठाची कागदी आवृत्ती शिक्षकांच्या टाचण वहीत असावी.

पाचवी पायरी : एका पानाची नियमावली

नियमावली एका पानात, मराठीत आणि मुलांना समजेल अशा वाक्यांत हवी. इंग्रजी माध्यमाच्या शाळांनीही तिची मराठी प्रत काढावी, कारण ती घरी आजी-आजोबाही वाचतात. तिचा गाभा उपकरण कधी वापरायचे यापेक्षा कधी वापरायचे नाही यात असतो.

वर्गात उपकरणाच्या तीनच अवस्था ठरवाव्यात : दप्तरात बंद, बाकावर पालथे, हातात सुरू. शिक्षक फळ्याच्या कोपऱ्यात द, प किंवा ह हे अक्षर लिहितील त्याप्रमाणे उपकरण असेल. समजावून सांगताना प, गटकाम करताना ह, आणि तास संपण्याच्या पाच मिनिटे आधी द. हे क्षुल्लक वाटेल, परंतु ‘फोन खाली ठेवा’ असे ओरडण्यात जाणारा वेळ आणि शिक्षकांचा घसा, दोन्ही यामुळे वाचतात. परिपाठात, मधल्या सुट्टीत, मैदानावर, स्वच्छतागृहात आणि व्हॅनमध्ये उपकरण दप्तराबाहेर निघणार नाही. शिक्षकांनी सांगितल्याखेरीज कोणाचाही फोटो, आवाज किंवा चित्रफीत घ्यायची नाही, आणि सांगितले असले तरी चेहऱ्यांची नाही.

नियम मोडल्यास काय, हेही आधीच लिहिलेले असावे. उपकरण बंद करून, पाकिटात घालून, नाव लिहून कार्यालयात ठेवावे आणि त्याच दिवशी पालकांच्या हाती द्यावे. पंधरा-पंधरा दिवस फोन कपाटात ठेवण्याची पद्धत योग्य नाही. तो फोन अनेकदा घरातल्या दुसऱ्याच कोणाच्या उपयोगाचा असतो. आणि शिक्षकांनी मुलाचा फोन उघडून त्यातील संदेश किंवा फोटो पाहू नयेत. संशय गंभीर असेल तर पालकांना बोलावून त्यांच्यासमोरच पुढचे ठरवावे. मुलांच्या मनातून शाळेवरचा विश्वास उडायला अशी एक घटनाही पुरते.

हरवणे आणि तुटणे यांची जबाबदारी कोणाची, हे संदिग्ध ठेवू नये. शाळेची उपकरणे शाळेची, घरून आणलेली घरच्यांची, आणि उपक्रमाच्या दिवशी शाळेने कुलूपबंद कपाट दिले असेल तर त्या वेळेपुरती शाळेची, असा सरळ हिशेब असावा. पालकांनी *#०६# दाबून दिसणारा पंधरा अंकी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, घरी लिहून ठेवावा. फोन हरवल्यास पोलिसांत तक्रार नोंदवून संचार साथी या सरकारी संकेतस्थळावरून तो क्रमांक बंद करता येतो. शाळा जूनच्या मध्यात सुरू होते आणि पावसाळाही तेव्हाच, म्हणून उपकरण झिप असलेल्या प्लास्टिकच्या पाकिटात, वह्यांच्या मधोमध ठेवून आणावे. पाण्याच्या बाटलीच्या कप्प्यात तर मुळीच नको.

परीक्षेबद्दल एकच वाक्य पुरे : घटक चाचणीपासून मंडळाच्या परीक्षेपर्यंत परीक्षेच्या खोलीत उपकरण नाही, आणि याला अपवाद नाही.

सहावी पायरी : खाती, खासगीपणा आणि वाईट प्रसंग

डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा, २०२३ अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो आणि बालकाची माहिती हाताळण्यासाठी पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती हा त्याचा पाया आहे. शाळेने म्हणूनच प्रत्येक ॲपचे नाव, ते कशासाठी आणि त्यात मुलाची कोणती माहिती भरली जाणार, हे लिहून पालकांची सही घ्यावी. ‘शाळा वापरेल त्या सर्व ॲपना माझी संमती आहे’ अशी सरसकट सही घेणे सोपे असले तरी त्याला अर्थ नाही. खाते न उघडता चालणारी ॲप शक्यतो निवडावीत. खाते लागणारच असेल, तर आईवडिलांच्या खासगी खात्यातून काम करण्यापेक्षा शाळेने स्वतःची खाती द्यावीत. गूगल आणि मायक्रोसॉफ्ट या दोघांच्याही शिक्षणसंस्थांसाठीच्या प्राथमिक योजना पात्र शाळांना विनामूल्य मिळतात. ॲप बसवताना संपर्क यादी आणि ठिकाण यांची परवानगी मागितली, आणि कामाशी तिचा संबंध नसेल, तर ती नाकारायची हे मुलांना करून दाखवावे.

पालकाचा फोन मुलाच्या हाती असेल तर अँड्रॉइडमधील ‘ॲप पिनिंग’ची सोय उपयोगी पडते. तिने एकच ॲप पडद्यावर खिळवता येते आणि बाहेर पडायला पिन लागतो. आयपॅडवर यालाच ‘गाइडेड ॲक्सेस’ म्हणतात. आईच्या फोनवर आलेले कार्यालयीन संदेश गटातल्या चार मुलांनी वाचावेत, असा प्रसंग त्यामुळे टळतो.

छळ, धमकी किंवा एखाद्या मुलाचे आक्षेपार्ह चित्र पसरल्याची तक्रार आली, तर काय करायचे हे सर्व शिक्षकांना आधी ठाऊक हवे. असे चित्र ‘पुरावा’ म्हणून शिक्षकांच्या गटावर पाठवणे हाही गुन्हा ठरू शकतो, कारण माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब नुसार बालकांचे लैंगिक स्वरूपाचे चित्रण प्रसारित करण्यास शिक्षा आहे. उपकरण बंद करून बाजूला ठेवावे, मुख्याध्यापकांना सांगावे, पालकांना बोलवावे आणि पोलिसांत कळवावे. मुलांसाठी १०९८ ही मदतवाहिनी आहे आणि सायबर आर्थिक फसवणुकीसाठी १९३०. हे दोन्ही क्रमांक वर्गाच्या सूचनाफलकावर कायम असावेत.

सातवी पायरी : पालकसभा

पालकसभा जूनच्या पहिल्या आठवड्यात, शक्यतो शनिवारी संध्याकाळी घ्यावी, म्हणजे नोकरी करणारे पालकही येतील. सादरीकरण दहा मिनिटांत आटोपून बाकीचा वेळ प्रश्नांना द्यावा. एखादी आई हमखास विचारते, ‘सर, घरी आम्ही फोन काढून घेतो आणि आता शाळाच हातात देणार का?’ या प्रश्नाला तंत्रज्ञानाच्या युगाचे भाषण हे उत्तर नव्हे. ‘ताई, आठवड्यातून एक तास, त्यातली वीस मिनिटे, चार मुलांत एक फोन. बाकी वेळ दप्तरात,’ असे आकड्यांत सांगितले की सभा शांत होते. पडद्यापुढच्या वेळेबद्दल विचारणा झाली, तर केंद्र सरकारच्या २०२० च्या प्रज्ञाता मार्गदर्शक सूचनांचा आधार देता येतो. ऑनलाइन वर्गांसाठी त्यांनी पहिली ते आठवीला दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची दोनच सत्रे आणि नववी ते बारावीला चार सत्रे सुचवली होती. प्रत्यक्ष वर्गाला ती मर्यादा लागू नसली तरी आपण तिच्या कितीतरी आत आहोत हे त्यातून स्पष्ट होते.

नकार देणाऱ्या पालकांचा नकार कारण न विचारता स्वीकारावा. त्यांचे पाल्य गटात असतेच, फक्त उपकरण दुसऱ्याचे असते.

आठवी पायरी : पहिला तास

पहिल्या तासासाठी मी नववीच्या विज्ञानातील ध्वनीचे प्रकरण सुचवेन. जर्मनीतील आखेन येथील तांत्रिक विद्यापीठाने तयार केलेले फायफॉक्स हे ॲप फोनचा मायक्रोफोन आणि इतर संवेदक (सेन्सर) मोजमापासाठी वापरते. ते मोफत आहे, खाते मागत नाही आणि एकदा बसवले की त्याला इंटरनेट लागत नाही. आदल्या दिवशी दहा गटप्रमुखांनी ते घरून बसवून आणावे.

तास ३५ मिनिटांचा धरू. पहिली सात मिनिटे फळ्यावर ‘प’ असते. शिक्षक ध्वनिप्रदूषण नियम, २००० बद्दल सांगतात : शाळा, रुग्णालय आणि न्यायालय यांच्याभोवती किमान १०० मीटर शांतता क्षेत्र जाहीर करता येते आणि तेथे दिवसाची मर्यादा ५० डेसिबल आहे. आपली शाळा ती पाळते का, असा प्रश्न ठेवायचा. मग ‘ह’ होते आणि गट ठरलेल्या जागी जातात : दोन वर्गात, दोन वाचनालयात, दोन जिन्यात, दोन मैदानाच्या कडेला आणि दोन फाटकाच्या आतल्या बाजूला, जेथे शिपाईमामा उभे राहतील. प्रत्येक गट एक-एक मिनिटाची तीन मोजमापे घेतो आणि वहीतल्या तक्त्यात लिहितो. बारा मिनिटांत सर्वांनी परत यायचे.

यानंतर खरा पाठ सुरू होतो. फाटकाशी उभ्या असलेल्या दोन गटांचे आकडे जुळत नाहीत. एकाच जागी, एकाच वेळी दोन फोन वेगळे का दाखवतात? प्रत्येक फोनचा मायक्रोफोन वेगळा असतो आणि ॲपचे अंशांकन, म्हणजे खात्रीच्या मापाशी जुळवणी, केल्याशिवाय त्याचा आकडा खरा डेसिबल मानता येत नाही, हे आता पुस्तकातले वाक्य राहत नाही. मग सगळे फोन एका टेबलावर ओळीने ठेवून एकच घंटा वाजवावी, कोणता फोन किती जास्त किंवा कमी दाखवतो ते लिहावे आणि त्याप्रमाणे तक्ता दुरुस्त करावा. शाळा नियम मोडते की नाही, याचा निकाल या साधनांनी देता येत नाही. वाचनालयापेक्षा फाटकाशी आवाज किती अधिक आहे, एवढे मात्र त्यांवरून पटण्याजोगे सांगता येते. शेवटची पाच मिनिटे ‘द’. गृहपाठ कागदावर.

त्या तासाला दुसऱ्या एका शिक्षकांनी मागच्या बाकावर बसावे. शिकवण्यासाठी नव्हे, किती मुलांच्या हाती उपकरण आले, किती नुसती पाहत राहिली, मुलींच्या गटात फोन कोणी धरला आणि सर्व उपकरणे सुरू व्हायला किती मिनिटे गेली, हे टिपण्यासाठी. सहा आठवड्यांनंतर पुढे जायचे की थांबायचे, हे या नोंदींवरून ठरवावे. उपकरणे सुरू होण्यातच दर वेळी दहा मिनिटे जात असतील, तर अडचण मुलांची नसून तयारीची आहे आणि दुसरा वर्ग यात आणू नये. नोंदी चांगल्या असतील, तर दिवाळीच्या सुट्टीनंतर आणखी एक विषय घ्यावा. आणखी एक वर्ग मात्र पुढच्या जूनमध्येच.

वर्ष संपताना तीन कामे न विसरता करावीत. विद्यार्थ्यांच्या जाळ्याचा पासवर्ड बदलावा, कारण तो एव्हाना शेजारच्या चहाच्या टपरीपर्यंत पोहोचलेला असतो. शाळा सोडून जाणाऱ्या मुलांची शाळेने दिलेली खाती, त्यांचे काम त्यांना उतरवून घेऊ दिल्यानंतर, बंद करावीत. आणि संमतीपत्रे पुढच्या वर्षासाठी नव्याने घ्यावीत, कारण मागच्या जूनमध्ये सही केलेल्या पालकांचे मत बदललेले असू शकते आणि ॲपची यादी तर बदललेली असतेच.